वेळेआधी आलेल्या बाळाचा मेंदू: ठाणे-नवी मुंबईतल्या आईबाबांनी काय, कधी आणि कुठे करायचं

बाळ जन्मलं आणि थेट काचेच्या पेटीत गेलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "टाळूतून मेंदूची सोनोग्राफी करायची आहे." बहुतेक घरांत गोंधळ सुरू होतो तो इथे. सोनोग्राफी कशासाठी? रिपोर्टवर 'ग्रेड २' लिहिलंय म्हणजे काय? बाळ चालेल ना? घरी सोडल्यावर कुणाला दाखवायचं?

या लेखात ती सगळी वाट क्रमाने दिली आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असेपर्यंत बाळावर दहा जणांचं लक्ष असतं. खरी हयगय होते ती डिस्चार्जनंतर. बाळ अंग धरतं, पाहुणे "आता काही काळजी नाही" म्हणतात, दोन तपासण्या राहून जातात आणि चौथ्या महिन्यात जे लक्षात आलं असतं ते दीड वर्षाने कळतं. म्हणून इथला निम्मा मजकूर घरी आल्यानंतरचा आहे.

## १. आधी समजून घ्या: या आठवड्यांत मेंदूत काय चाललेलं असतं

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. त्यातही २८ आठवड्यांच्या आतलं, २८ ते ३२ मधलं आणि ३४ ते ३६ मधलं बाळ यांच्यात फार फरक आहे. शेजारच्या बाळाशी तुलना करताना आधी आठवडे विचारा, वजन नंतर.

२४ व्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. घड्या नंतर पडत जातात. ३४-३५ व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन तृतीयांश असतं. म्हणजे पोटातल्या शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत एक तृतीयांश मेंदू वाढायचा असतो, आणि आता ती वाढ पेटीत, दिव्यांखाली, सुया टोचून घेत होणार आहे.

इजा मुख्यतः दोन जागी होते.

पहिली जागा म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांलगतचा जर्मिनल मॅट्रिक्स नावाचा थर. नव्या पेशी इथे तयार होतात. इथल्या रक्तवाहिन्या अतिशय पातळ असतात आणि त्यांना बाहेरून आधार नसतो. त्यातून आजारी बाळाला मेंदूतला रक्तप्रवाह स्थिर ठेवता येत नाही. शरीरातला रक्तदाब वरखाली झाला की त्याचा धक्का थेट या वाहिन्यांना बसतो, त्या फुटतात आणि रक्त पोकळीत उतरतं. याला आयव्हीएच म्हणतात. हा थर ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत विरून जातो. म्हणून २७ आठवड्यांच्या बाळाला ही भीती मोठी आणि ३५ आठवड्यांच्या बाळाला फारच कमी.

दुसरी जागा म्हणजे पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग. मेंदूतून हातापायांकडे जाणाऱ्या तारा इथून जातात. विजेच्या वायरीवर आवरण असतं तसं या तारांवर आवरण चढवणाऱ्या पेशी तेव्हा कोवळ्या असतात. रक्तपुरवठा कमी पडणं, जंतुसंसर्गाची सूज किंवा व्हेंटिलेटरवर रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार खाली जाणं या गोष्टी त्यांना सोसत नाहीत. या इजेला पीव्हीएल म्हणतात. पायांच्या तारा पोकळीच्या सर्वांत जवळून जातात, म्हणून पीव्हीएल झालेल्या मुलांचे हात बऱ्यापैकी चालतात आणि पाय कडक राहतात, असं पुष्कळदा दिसतं.

"सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही" हे घरात कुणीतरी म्हणेलच. ते खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा फुप्फुसांच्या आणि मेंदूच्या फायद्याचाच असतो.

## २. कळा लवकर सुरू झाल्या तर: जन्माआधीचे तास

मेंदू वाचवण्याचं सर्वांत मोठं काम बाळ जन्मण्याआधीच होतं. चार गोष्टी विचारा:

- फुप्फुसांचं इंजेक्शन दिलं का? हे आईला देतात. डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे ४ डोस १२ तासांच्या अंतराने, किंवा बीटामेथासोनचे १२ मिलिग्रॅमचे २ डोस २४ तासांच्या अंतराने. नाव फुप्फुसांचं असलं तरी मेंदूतला रक्तस्रावही त्याने कमी होतो. कोर्स पूर्ण व्हायला वेळ नसेल तरी पहिला डोस घ्यावाच.
- मॅग्नेशियम सल्फेट देणार का? ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असेल तर आईला शिरेतून ४ ग्रॅम देतात. सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या कायमच्या अडचणीची, शक्यता त्याने कमी होते. हे औषध रक्तदाबासाठीच असतं असा समज आहे, त्यामुळे बीपी नसलेल्या आईच्या घरचे "हे कशाला?" म्हणून अडतात. अडू नका.
- नाळ लगेच कापणार का? बाळाची आणि आईची प्रकृती ठीक असेल तर किमान ३० ते ६० सेकंद थांबणं चांगलं.
- इथे व्हेंटिलेटरसह एनआयसीयू आहे का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. छोट्या प्रसूतिगृहात २८ आठवड्यांचं बाळ जन्माला घालून मग त्याला घोडबंदर रोडच्या किंवा शीळफाट्याच्या गर्दीतून दुसरीकडे नेणं म्हणजे मेंदूच्या दृष्टीने सगळ्यांत धोक्याचे तास रस्त्यावर काढणं. आईचं पोट हाच सर्वांत चांगला इन्क्युबेटर. डॉक्टरांच्या मते प्रवासाइतका वेळ हातात असेल तर बाळ पोटात असतानाच हलवा. निघण्याआधी फोन करून आठवडे सांगा, "या आठवड्यांचं बाळ घ्याल का आणि आत्ता बेड रिकामा आहे का" एवढं विचारा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

जन्मानंतरच हलवावं लागलं तर ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटर असलेली नवजात बाळांची रुग्णवाहिका मागा. निघताना बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस आहे का आणि रक्तातली साखर ४५ च्या वर आहे का, हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या. गार पडलेलं, साखर उतरलेलं बाळ पोचलं की पुढचे सगळे उपचार जड जातात.

## ३. पहिले ७२ तास: "बाळाला हात लावू नका" का म्हणतात

आयव्हीएच झालाच तर तो बहुतांशी पहिल्या तीन दिवसांत होतो. म्हणून या काळात चांगल्या एनआयसीयूत बाळाला शक्य तितकं कमी हाताळतात. डोकं एका बाजूला वळू न देता मधोमध ठेवतात आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच करतात. डायपर बदलताना पाय वर उचलत नाहीत, बाळाला हळूच कुशीवर करून डायपर सरकवतात, कारण पाय वर झाले की रक्ताचा लोंढा डोक्याकडे जातो. शिरेतून औषध सावकाश सोडतात. वजनसुद्धा रोज न करता पुढे ढकलतात.

नर्स तुम्हाला "आत्ता नको" म्हणाल्या तर यासाठी म्हणतात. बाळाजवळ शांत उभं राहणं, हळू आवाजात बोलणं चालतं. परवानगी मिळाली तर तळहात डोक्यावर आणि पायांवर स्थिर ठेवा. थोपटू नका, चोळू नका.

श्वास मध्येच थांबू नये म्हणून कॅफिन देतात, त्याला घाबरू नका. पुढे सेरेब्रल पाल्सीचं प्रमाणही त्याने कमी झाल्याचं मोठ्या चाचणीत दिसलं आहे. आणि "पूर्ण दिवसांच्या बाळाला मेंदूसाठी थंड करतात, मग आमच्या का नाही केलं?" असं नातेवाईक विचारतात. जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या, ३६ आठवडे किंवा त्यापुढच्या बाळांसाठीच तो उपचार आहे. लहान बाळाला गारवा घातक असतो.

## ४. टाळूची सोनोग्राफी: तारखा आणि रिपोर्ट

मशीन बाळाच्या खाटेशी आणतात. टाळूच्या मऊ जागेवर थोडं कोमट जेल लावून बोटाएवढा प्रोब अलगद टेकवतात. पाच-दहा मिनिटांत होतं. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, बाळाला पेटीतून काढावं लागत नाही. "इतक्या वेळा सोनोग्राफीने मेंदूला त्रास होईल" ही भीती सोडा.

३२ आठवड्यांच्या आतल्या किंवा दीड किलोच्या आतल्या बाळाची सोनोग्राफी साधारण अशी व्हावी: पहिल्या ३ दिवसांत एक, ७ व्या दिवसाच्या सुमारास दुसरी, ४ थ्या आठवड्यात तिसरी, आणि प्रसूतीच्या मूळ तारखेच्या आसपास, म्हणजे ३६ ते ४० आठवडे भरताना, चौथी.

नेहमीची चूक: पहिल्या दोन नॉर्मल आल्या की पुढच्या टाळणं. पीव्हीएलच्या गाठी, म्हणजे पाण्याचे बारीक फुगे, इजा झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी दिसतात आणि पुढे विरूनही जातात. पहिल्या आठवड्यातली नॉर्मल सोनोग्राफी रक्तस्रावाबद्दल सांगते, पांढऱ्या भागाबद्दल नाही. आणि तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा केलेल्या सोनोग्राफीत तो पुरावा निघून गेलेला असू शकतो.

रिपोर्टवरचे ग्रेड असे वाचा. ग्रेड १ मध्ये रक्त त्या थरापुरतंच असतं. ग्रेड २ मध्ये ते पोकळीत उतरलेलं असतं, पण पोकळी फुगलेली नसते. ग्रेड ३ मध्ये पोकळी रक्ताने फुगलेली असते. ग्रेड ४ म्हणजे पोकळीलगतच्या मेंदूच्या भागालाही इजा. तो बहुधा एकाच बाजूला असतो, आणि असला तर विरुद्ध बाजूच्या हातापायावर परिणाम दिसू शकतो.

ग्रेड १ आणि २ ची बहुतेक बाळं पुढे चांगली चालतात-बोलतात. ग्रेड ३ आणि ४ मध्ये धोका खरोखर वाढतो. पण ग्रेड ४ वाचून कुणी "बाळ काहीच करू शकणार नाही" असं सांगत असेल तर ते चित्रापेक्षा फार पुढचं बोलणं आहे. इजा किती पसरली, एका बाजूला की दोन्ही, सोबत पीव्हीएल आहे का, यावर सगळं ठरतं. डॉक्टरांना नेमके हेच तीन प्रश्न विचारा. मूळ तारखेच्या सुमारास एमआरआय सुचवला तर तो याच उत्तरांसाठी असतो.

डोक्याचा घेर. रक्तस्रावानंतर काही बाळांत मेंदूतलं पाणी वाहून जाण्याची वाट अडते आणि पोकळ्या फुगतात. त्याची सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे टेप. भुवयांच्या थोडं वर आणि मागे डोक्याच्या सर्वांत उंचवट्यावरून, न ताणणाऱ्या टेपने तीनदा मोजा, सर्वांत मोठा आकडा लिहा. आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. एका आठवड्यात २ सेंटिमीटर वाढला, टाळू फुगून ताठ झाली किंवा बाळाची बुबुळं खाली झुकून वर पांढरं दिसू लागलं, तर पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी जायचं. अशा बाळांचं पाणी आधी सुईने किंवा डोक्याच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या रिझर्व्हॉयरमधून काढतात. गरज उरलीच तर बाळ थोडं मोठं झाल्यावर पोटात उतरणारी शंटची नळी घालतात.

## ५. बाळ पेटीत असताना तुमच्या हातात काय आहे

पुष्कळ आहे. औषधांइतकंच.

कांगारू पद्धत. डॉक्टर हो म्हणाले की त्याच दिवशी सुरू करा. बाळाच्या अंगावर फक्त डायपर, टोपी, मोजे. आई किंवा बाबांच्या उघड्या छातीवर दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं ठेवायचं, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट दबत नाही आणि चेहरा दिसत राहतो. वरून कापड बांधायचं आणि टेकून बसायचं. एका वेळी किमान एक तास, कारण सारखं उचलण्या-ठेवण्यानेच बाळ दमतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. एकट्या बाळंतिणीला ते जमणार नाही. बाबा, आजी, मावशी यांनी पाळ्या लावा. "पुरुषाने कसं धरायचं" हा प्रश्न अजूनही येतो. वडिलांची छातीही तितकीच उबदार असते.

आईचं दूध. जंतुसंसर्ग आणि आतड्याचा गंभीर आजार यांची सूज मेंदूच्या पांढऱ्या भागाला मारते, आणि या दोन्हींवर आईच्या दुधाइतकं काही नाही. बाळ ओढत नसलं तरी जन्मानंतर ६ तासांच्या आत दूध काढायला लागा, मग दिवसरात्र मिळून ८ वेळा, त्यात रात्री एकदा नक्की. पहिल्या दिवशी चमचाभरही निघत नाही, तेही फुकट घालवू नका. काढलेलं दूध बाहेर ४ तास, फ्रिजच्या आतल्या भागात २४ तास, दारात ठेवायचं नाही. डोंबिवलीहून किंवा पनवेलहून लोकलने आणताना बर्फाच्या पॅकसह थर्मासची पिशवी वापरा, डब्यावर तारीख-वेळ लिहा. दूध कमी पडलं तर पावडरच्या दुधाचा डबा उघडण्याआधी दूधपेढीबद्दल विचारा. आशियातली पहिली मातृदूध पेढी १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आपल्या शेजारीच, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू केली.

हात. कोपरापर्यंत बाह्या वर, अंगठी-बांगडी-घड्याळ बाहेर, साबणाने ४० ते ६० सेकंद. सर्दी असेल त्याने आत जायचं नाही, मग ती सख्खी आजी का असेना.

## ६. डिस्चार्जच्या दिवशी फाइलमध्ये काय हवं

घाईत फक्त बिल आणि औषधांची चिठ्ठी घेऊन निघू नका. हे सगळं असल्याशिवाय लिफ्टपाशी जाऊ नका:

- डिस्चार्ज समरी, ज्यात जन्मावेळचे आठवडे आणि दिवस, जन्मवजन, जन्मावेळचा आणि आजचा डोक्याचा घेर लिहिलेला आहे
- प्रत्येक टाळूच्या सोनोग्राफीचा तारखेसह रिपोर्ट आणि फिल्म किंवा सीडी, एमआरआय झाला असेल तर त्याचाही
- डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचा रिपोर्ट आणि पुढची तारीख
- ऐकण्याच्या तपासणीचा रिपोर्ट
- थायरॉइडची तपासणी, आणि ती पुन्हा करायची असल्यास तारीख
- लसींचं कार्ड
- लोह आणि व्हिटॅमिन डीचा डोस थेंबांत नव्हे, मिलिलिटरमध्ये लिहिलेला. ड्रॉपर कंपनीगणिक बदलतो आणि थेंबांचा हिशेब चुकतो
- झटके, श्वास थांबणं, निळं पडणं यासाठी रात्री फोन करायचा नंबर

सगळ्याचे फोटो काढून दोघांच्या फोनवर ठेवा.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या महापालिकेत होते. घर ऐरोलीला आणि जन्म कळव्याला असेल तर दाखला ठाणे महापालिकेकडून येणार, नवी मुंबईकडून नाही. २१ दिवसांच्या आतली नोंद रुग्णालयच पाठवतं. फक्त आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का ते फॉर्मवरच तपासा. पुढे विमा आणि योजना इथेच अडकतात.

## ७. सुधारित वय काढायला शिका

हे एक गणित न आल्यामुळे अर्ध्या घरांत विनाकारण रडारड होते.

समजा बाळ १० जानेवारीला ३० आठवड्यांचं जन्मलं. ४० वजा ३० म्हणजे १० आठवडे लवकर. मूळ तारीख २१ मार्च होती. १० जुलैला बाळ कॅलेंडरने ६ महिन्यांचं आहे, पण सुधारित वय २१ मार्चपासून मोजायचं, म्हणजे साधारण साडेतीन महिने. ते बसत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. मान धरतंय का, एवढंच त्या दिवशी पाहायचं.

वाढ, मान धरणं, बसणं, बोलणं हे सगळं सुधारित वयाने, दोन वर्षांपर्यंत. लसी मात्र कॅलेंडरच्या वयाने. दीड महिन्याची लस जन्मापासून दीड महिन्यालाच. "बाळ लहान आहे, थांबू या" म्हणून लसी लांबवणं ही फार महागात पडणारी चूक आहे, कारण याच बाळांना डांग्या खोकला आणि न्यूमोनिया जास्त छळतात.

## ८. घरी आल्यावरच्या तारखा

डोळे: २ किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी, २८ आठवड्यांच्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतल्या बाळाची त्याहून आधी, २ ते ३ आठवड्यांत. बाळ अजून एनआयसीयूत असेल तर तिथेच. ही तपासणी आरओपीसाठी असते, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार. बाहेरून त्याचं काहीच दिसत नाही. डोळे टपोरे, काळेभोर दिसतात आणि आत पडदा सुटत असतो. वेळेत सापडला तर लेझर किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते. "पुढच्या आठवड्यात या" म्हटलं असेल तर पुढच्याच आठवड्यात जा, बारसं मागे-पुढे करा.

कान: एनआयसीयूत पाचपेक्षा जास्त दिवस काढलेल्या बाळाला नुसती ओएई, म्हणजे आतल्या कानापुरती तपासणी पुरत नाही, मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते पाहणारी बेरा करून घ्या. तपासणी १ महिन्यात, दोष असल्यास निदान ३ महिन्यांत, यंत्र किंवा उपचार ६ महिन्यांत. वांद्र्याची अली यावर जंग संस्था यासाठी उत्तम आहे.

विकासाची तपासणी: सुधारित वय ३, ६, ९, १२, १८ आणि २४ महिने. यातली ३ महिन्यांची भेट सर्वांत मोलाची. या वेळी बाळाच्या हातापायांच्या बारीक, सतत चाललेल्या हालचाली पाहून आणि हॅमरस्मिथ ही बाळाच्या मेंदू-स्नायूंची ठरावीक तपासणी करून जाणकार डॉक्टर सेरेब्रल पाल्सीचा धोका खूप आधी ओळखू शकतात. "दोन वर्षं थांबून पाहू" हा जुना सल्ला आहे. बाळ उताणं, जागं आणि शांत असताना तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात ते रडतच असतं.

घरातल्या काही प्रथांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आजीचा जीव बाळावरच असतो, पण टाळू दाबून भरणं, नाकाकानात तेल, धुरी, काजळ, गुटी, मध चाटवणं यातलं काही नको. मधातून बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो, धुरीने आधीच कमजोर फुप्फुसं त्रासतात. हलक्या हाताने अंगाला तेल चालेल, हातपाय ओढून ताणून नको. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. झोपताना उताणं, उशीशिवाय. जागं असताना तुमच्यासमोर पालथं, दिवसातून चार-पाच वेळा, दोन मिनिटांपासून वाढवत. त्याने मानही बळकट होते आणि डोकंही चपटं राहत नाही. वॉकर आणू नका. पाय कडक असलेल्या बाळाला त्याने चवड्यावर चालायची सवय लागते. मोबाइल दोन वर्षांपर्यंत नाही.

## ९. या खुणा दिसल्या तर भेटीची तारीख येण्याआधी जा

वयं सुधारित आहेत.

- ३ महिने झाले तरी चेहरा पाहून हसत नाही, नजर वळवत नाही
- ४ महिने झाले तरी मान डुलते, मुठी कायम घट्ट आणि अंगठा आत
- डायपर बदलताना मांड्या उघडत नाहीत, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात
- मागे कमान करून ताठ होतं
- वर्षाच्या आत एकाच हाताने सगळं घेतं. "डावखुरा होणार" असं कौतुक करू नका, दुसऱ्या हातात कमजोरी असू शकते
- ९ महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही

एकाएकी झोकून दचकल्यासारखे ओळीने झटके येत असतील, विशेषतः झोपेतून उठताना, तर ते पोटदुखी समजू नका. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दाखवा. शंट असलेल्या बाळाला उलट्या, सुस्ती, ताप किंवा फुगलेली टाळू म्हणजे थेट इमर्जन्सी.

## १०. उशीर दिसला तर कुठे जायचं

निदानाच्या शिक्क्याची वाट न पाहता थेरपी सुरू करता येते, करावी. लागतात ते लोक: विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञ किंवा बाल-मेंदूविकारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि गिळण्या-बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट. थेरपिस्टकडे आठवड्यात दोनदा अर्धा तास जाण्यापेक्षा त्यांनी शिकवलेलं घरी रोज, भरवताना, अंघोळ घालताना, उचलताना केलेलं जास्त कामी येतं. आईबाबांना काही न शिकवता बाळाला आत नेऊन दार लावणारी जागा बदला.

सरकारी मदत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मिळते. २०१३ पासून चाललेल्या या कार्यक्रमात जिल्हा पातळीवर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत. इथे आपल्याकडची एक गुंतागुंत लक्षात ठेवा. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे लोक नवी मुंबईच म्हणतात, पण जिल्हा रायगड. जिल्ह्याची कागदपत्रं लागतात तिथे खारघरच्या पालकाला ठाण्याच्या रांगेत उभं राहून परत यावं लागतं. उलट, राष्ट्रीय संस्थांना ही हद्द नाही. बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरलाच आहे, लहान मुलांच्या विकासाचं मूल्यमापन तिथे होतं.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. एक, मेंदूची वाढ करणारी म्हणून दिलेली टॉनिकं. दुसरं, मूलपेशी (स्टेम सेल) उपचार. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेरेब्रल पाल्सीसाठी मूलपेशी हा मान्य उपचार नाही, तो फक्त नोंदणीकृत चाचणीत चालतो, आणि चाचणीचे पैसे पालकांकडून घ्यायचे नसतात. कुणी लाखोंचं पॅकेज सांगत असेल तर उठून या.

## ११. पैसे आणि कागद

सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत, म्हणजे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात गेलात तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा उल्लेख करा. आजारी बाळाला वर्षापर्यंत उपचार, औषधं, तपासण्या आणि वाहतूक मोफत देण्याची त्यात तरतूद आहे. खाजगी एनआयसीयूत दाखल करताना पहिल्याच तासात विचारा, हे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का. असल्यास आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला भेटा. रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार आणि बाळाचा जन्माचा कागद जवळ ठेवा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही, मंजुरी उपचार चालू असतानाच घ्यावी लागते. कंपनीचा विमा असेल तर बाळाचं नाव पॉलिसीत घालण्याची मुदत एचआरला जन्माच्या आठवड्यातच विचारा.

सेरेब्रल पाल्सी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. निदान झाल्यावर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करा, तपासणी राहत्या जिल्ह्याच्या रुग्णालयात होते. 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचं आरोग्यकवच मिळतं आणि त्यात नियमित थेरपीचाही खर्च धरतात. "शिक्का बसेल" म्हणून पालक कार्ड काढत नाहीत आणि वर्षानुवर्षं थेरपीचं बिल खिशातून भरतात.

## १२. चालायला लागल्यावर फाइल माळ्यावर टाकू नका

वेळेवर चालणाऱ्या-बोलणाऱ्या मुलांतही काहींना पुढे लक्ष टिकवणं, गणित, फळ्यावरून उतरवून घेणं, कात्री-पेन्सिल धरणं जड जातं. ते पाचव्या-सहाव्या वर्षी उघड होतं आणि तोवर बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं हे कुणाच्या लक्षात नसतं. शाळेत जाण्याआधी एकदा डोळे, कान आणि विकासाची तपासणी करून घ्या, आणि वर्गशिक्षकांना जन्माचे आठवडे सांगा.

प्रवेशाच्या वर्षाचाही विचार करा. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण हवीत. फेब्रुवारीत यायचं बाळ नोव्हेंबरात आलं तर ते आपोआप वरच्या तुकडीत जाऊन बसतं, वर्गात सगळ्यांत लहान, आणि खरं पाहता आणखी तीन महिन्यांनी लहान. ३१ डिसेंबर ही किमान वयाची अट आहे, त्याच वर्षी घालायचं बंधन नाही. नर्सरीचा फॉर्म भरतानाच सुधारित वय काढा आणि एक वर्ष थांबायचं का ते तेव्हाच ठरवा. पहिलीत गेल्यावर मागे घेताना मुलाला ते लागतं.